आजोबांचं मशीन कितव्या सालचं, आणि किती रुपयांचं?

उद्यमनगरातल्या जुन्या शेड एकेक करून बंद व्हायला लागल्या, तसा कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांत एकच प्रश्न येऊन पडलाय. शेड भाड्यानं देता येते, पण कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या अवजड मशीनचं काय करायचं? कुणाकडं आजोबांचा बँडसॉ, कुणाकडं चुलत्यांचं रंधा मशीन. आमच्याकडं बँडसॉ होता, तीस इंची चाकांचा, माणसापेक्षा उंच.

घरात वाटणीची बोलणी निघाली तेव्हा धाकटे काका म्हणाले, "इंग्लंडचं मशीन आहे. लाखाच्या खाली बोलायचंच नाही." भंगारवाल्यानं शेडच्या दारातूनच बघितलं, आत यायचीही तसदी घेतली नाही. म्हणाला, "बीड हाय मालक. वजनावर घेतो." बीड म्हणजे ओतीव लोखंड. एकजण पाटीकडं बघून बोलत होता, दुसरा वजनाकडं. मशीनकडं दोघांनीही बघितलं नव्हतं.

लोखंडाच्या गावात लाकडाची मशीनं कशाला?

बँडसॉ म्हणजे वर एक, खाली एक अशा दोन मोठ्या चाकांवरून फिरणारी दातेरी पट्टी. त्यावर लाकूड हवं तसं वळवून कापता येतं. आपल्याकडं ही मशीनं इतकी सापडतात ती फौंड्रीमुळं. इंजिनाचं हेड असो की पंपाची बॉडी, बिडाचा भाग ओतायचा तर आधी त्याची लाकडी प्रतिकृती करावी लागते. तिला पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबून काढला की पोकळी राहते, तिच्यात वितळलेलं बीड ओततात. गणपतीच्या साच्यासारखंच, फक्त मातीच्या जागी रस. म्हणजे ऑइल इंजिनांसाठी नाव कमावलेल्या या गावातलं बरंचसं लोखंड आधी लाकूड होतं.

साल काढायचं म्हणजे आजीचं वय काढायचं

जुन्या आजींना जन्मतारीख विचारली तर काय उत्तर मिळतं? "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला माझ्या कडेवर होता." भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, मूल दीड-दोन वर्षांचं, लग्न त्याच्या आधी. असं आधी-नंतर जुळवत आपण वयापाशी पोचतो. मशीनचंही तसंच. एका खुणेवरून नेमकं साल क्वचितच मिळतं. प्रत्येक खूण फक्त एवढंच सांगते की मशीन अमक्याच्या आधीचं नाही, किंवा तमक्याच्या नंतरचं नाही. चार-पाच खुणा जमल्या की मधली फट बारीक होत जाते.

सुरुवात पाटीपासून करायची. बनवणाऱ्याची पाटी एक असते, बऱ्याचदा विकणाऱ्या एजंटाची वेगळी. एजंटाच्या पाटीकडं कुणी फारसं बघत नाही, पण कामाची तीच असते, कारण तिच्यावर पत्ता असतो. पत्त्यात पिनकोड असेल तर पाटी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. नावापुढं 'प्रायव्हेट लिमिटेड' असेल तर १९५६च्या कंपनी कायद्यानंतरची, त्याआधी खासगी कंपन्याही नुसतं 'लिमिटेड' लावायच्या. इंग्रजीत 'बॉम्बे' असेल तर बहुधा १९९५च्या आधीची. बंगळूरच्या पत्त्यापुढं म्हैसूर राज्य असेल तर १९७३च्या आधीची. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० यांच्या मधली. आणि कुठं 'कोल्हापूर स्टेट' दिसलं तर संस्थान विलीन व्हायच्या आधीची, म्हणजे १ मार्च १९४९च्या अलीकडं ती येत नाही.

पाटी वाचताना वायरब्रश आणि ग्राइंडर लांब ठेवा. आमच्या शेजारच्या शेडमधल्या पोरानं हौसेनं पाटी घासून चकचकीत केली, ठोकलेला नंबर त्यातच गेला. फडक्यावर थोडं रॉकेल घ्यायचं, हलक्या हातानं पुसायचं. मग लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवायचो, तसंच इथं करायचं. डोळ्याला न दिसणारा आकडा कागदावर उठतो. पाटी गेलीच असेल तर टेबलाच्या कडेला, टेबलाखाली आणि शाफ्टच्या टोकावर बघा, तिथं नंबर ठोकलेला असू शकतो.

लाकूडकामाच्या इंग्रजी मशीनांमध्ये रॉचडेलची थॉमस रॉबिन्सन अँड सन (स्थापना १८३८) आणि लेस्टरची वॅडकिन (१८९७) ही मोठी घराणी. त्यांचे जुने कॅटलॉग हौशी मंडळींनी इंटरनेटवर चढवून ठेवलेत. मॉडेलचं नाव मिळालं की त्या कॅटलॉगात चित्र शोधायचं आणि आपलं मशीन शेजारी ठेवून एकेक भाग ताडून बघायचा. एक दुपार जाते, पण मजा येते.

मोटारीवर जाऊ नका

बहुतेक जण इथं फसतात. मोटारीवरची पाटी मोठी, वाचायला सोपी, त्यामुळं तिच्यावरचं सालच मशीनला चिकटवलं जातं. पण मोटर बदलली जाते, जळते, रिवाइंड होते. आजोबांच्या सदऱ्याची बटणं नातवानं बदलली म्हणून सदरा नातवाच्या वयाचा होत नाही.

तरी मोटर थोडं बोलते. 'क्रॉम्प्टन पार्किन्सन' असेल तर साधारण १९६६च्या आधीची, कारण त्या वर्षी क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज झालं. 'आयएस ३२५' हे मोटारीचं जुनं भारतीय मानक. त्यापुढं १९७८ लिहिलं असेल तर ती मोटर त्याआधीची नाही. आमच्या बँडसॉवर तीच होती. त्यावरून काकांनी मशीन १९७८चं ठरवलं होतं, आणि ते 'इंग्लंडचं' हेही त्यांनीच सांगितलं होतं. दोन्ही एकत्र बसणं अवघड आहे. १९५७च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई आली, आयातीवर कडक निर्बंध बसले. त्यानंतर एखाद्या पॅटर्न शॉपला विलायतेहून नवं मशीन मागवणं जवळपास अशक्यच झालं.

पाटीपेक्षा अंग जास्त बोलतं

आधी पट्टा बघा. जुन्या कारखान्यात छताखालून एक लांब शाफ्ट फिरायचा आणि चपट्या पट्ट्यांनी सगळी मशीनं त्यावरून चालायची. मशीनला रुंद, चपटी पुली असेल, आणि शेजारी तशीच दुसरी मोकळी फिरणारी पुली असेल, तर मशीन त्या काळातल्या घडणीचं. मोकळी पुली म्हणजे त्याची 'न्यूट्रल'. पट्टा तिच्यावर सरकवला की मशीन थांबायचं.

मग बेअरिंग. बॉल बेअरिंगच्या आधी शाफ्ट एका मऊ, पांढरट धातूच्या अस्तरात फिरायचा. आपल्याकडं त्याला व्हाइट मेटल म्हणतात. आयझॅक बॅबिट या अमेरिकनानं १८३९मध्ये तो धातू काढला. वर तेलाची वाटी आणि दोन फाकांचं झाकण दिसलं की समजायचं. बाहेरगावचे खरेदीदार हे बघून मागं सरतात. कोल्हापुरात सरायचं कारण नाही. इंजिनांच्या गावात व्हाइट मेटल भरून घेणं म्हणजे चप्पल शिवून घेण्यासारखं.

तिसरी खूण आटे. आपला पाना-सेट घेऊन जा. नटाला मिलिमीटरचा पाना नीट बसत नसेल आणि आटे जाड असतील, तर ते इंची, बहुधा व्हिटवर्थ आटे. हे ब्रिटिश मापाचे, त्यांचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिक आट्यांचा ६०. मेट्रिक पद्धत आपल्याकडं १९५८पासून टप्प्याटप्प्यानं आली. पण मेस्त्री लोक आजही 'तीन सूत' म्हणतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), त्यामुळं नुसत्या इंची नटावरून साल ठरवू नका. एखादाच मेट्रिक बोल्ट मधे घुसलेला दिसला तर तिथं नंतर दुरुस्ती झालीय, एवढं मात्र पक्कं.

विलायती की उद्यमनगरी?

हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण तो आमच्या अंगावर आला, आणि दुसऱ्या गावात कुणी सांगणार नाही.

आमच्या मशीनच्या खांबावर इंग्रजी कंपनीचं नाव उठावाच्या अक्षरांत होतं. काकांचा सगळा भरवसा त्यावर. पण अक्षरं नीट बघितली तर त्यांच्या कडा गोलसर, जुन्या नाण्यावरच्या चेहऱ्यासारख्या. रंगाचा थर असेल म्हणून खरवडलं, तरी तसंच. तेव्हा एका म्हाताऱ्या पॅटर्नमेकरांना आणलं. त्यांनी नावाकडं बघितलंही नाही. टेप काढला, बिडाच्या पायाची लांबी मोजली आणि विचारलं, "कॅटलॉगात किती?" कॅटलॉगात चाळीस इंच. इथं एकोणचाळीस इंच पाच सूत. तीन सूत कमी.

"मग हे हितलंच," ते म्हणाले.

झालं असं की वितळलेलं बीड थंड होताना आकसतं, फुटाला साधारण एक सूत, म्हणजे शंभरात एक. म्हणून पॅटर्नमेकर मुद्दाम जरा मोठा पॅटर्न करतो. त्यासाठी त्याच्याकडं वेगळी पट्टी असते, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित लांब. आता समजा कुणी नवा पॅटर्न केलाच नाही, विलायती मशीनचेच सुटे भाग खोलून थेट वाळूत दाबले. मग ओतलेला भाग मुळापेक्षा शंभरात एक लहान येणार, आणि अक्षरांच्या कडा वाळूत बोथट होणार. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर होतं तसं. चाळीस इंचांत तीन सूत म्हणजे बरोबर तेवढाच फरक.

मोजायचं मात्र मशीनिंग न झालेल्या, खडबडीत जागी. टेबल, चाकाची धाव, शाफ्ट या जागा तासून हव्या त्या मापाला आणलेल्या असतात, त्या काही सांगत नाहीत.

घरी जरा सुतक पडल्यासारखं झालं. मग चुलतीनं पोटमाळ्यावरून दुकानाच्या वह्या काढल्या. एका पानावर 'बँडसॉ ओतीव, नग ३' आणि पुढं रुपये-आण्यांत रक्कम. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली. आण्यांत हिशेब लिहायची सवय पुढंही काही वर्षं सुटली नव्हती, तरी पन्नाशीचं दशक म्हणायला हरकत नाही. आजोबांनी कुणाचं तरी विलायती मशीन खोलून बघितलं असणार आणि गावातल्याच भट्टीत आपलं ओतून घेतलं असणार. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, तिथं बँडसॉ म्हणजे काय मोठी गोष्ट? मला तरी विलायती पाटीपेक्षा वहीतली ही ओळ जास्त आवडली. काकांना नाही आवडली.

एकाच मशीनच्या तीन किमती

साल कळलं म्हणून किंमत कळत नाही. किंमत घेणारा कोण, यावर ठरते.

पहिला घेणारा भंगारवाला. त्याचा हिशेब वजन गुणिले भाव. समजा मशीन ८५० किलोचं आणि बिडाच्या भंगाराचा भाव किलोला ३० रुपये, तर २५,५०० रुपये. हे आकडे समजण्यापुरते आहेत, भाव रोज हलतो. वजन मात्र स्वतः काट्यावर करून घ्या आणि मोटर आधी काढून ठेवा. तिच्यातलं तांबं बिडाच्या कितीतरी पट महाग असतं आणि ते बिडाच्या भावात जाऊ द्यायचं नाही. ही किंमत म्हणजे तळ. याच्या खाली जायचं नाही, पण सुरुवातही इथून करायची नाही.

दुसरा घेणारा त्यावर काम करणारा, म्हणजे फर्निचरवाला किंवा पॅटर्न शॉपवाला. त्याला सालाशी देणंघेणं नाही. त्याच्या डोक्यात नव्या मशीनची किंमत असते. समजा तेवढंच नवं मशीन दीड लाखाला येतं. जुनं, चालू स्थितीतलं, तो निम्म्याला धरणार. त्यातून चाकांवरचं रबर, बेअरिंग, वायरिंग आणि हायड्रा क्रेनचं भाडं वजा करणार. पंचाहत्तर हजारांतून पंचवीस गेले, उरले पन्नास. जवळपास प्रत्येक घरगुती मशीनचा खरा भाव याच पद्धतीनं निघतो.

जुन्याला तो निम्मे तरी का देतो? वजनासाठी. पत्र्याच्या वेल्डिंग केलेल्या सांगाड्यापेक्षा बिडाचा खांब थरथर गिळतो, कारण बिडात ग्रॅफाइटच्या बारीक पाकळ्या असतात. शिवाय पन्नास-साठ वर्षं उभ्या असलेल्या बिडातला ताण बराचसा निघून गेलेला असतो, ते आता सहसा वाकडं होत नाही.

तिसरा घेणारा हौशी: जुनी मशीनं जमवणारा, किंवा हॉटेलच्या दारात उभं करणारा. साल, मूळ पाटी, मूळ रंग याला तोच पैसे देतो. आपल्या भागात असे लोक बोटांवर मोजण्याइतके, म्हणून ही किंमत सगळ्यांत जास्त असू शकते आणि सगळ्यांत अनिश्चितही.

वाटणीसाठी किंमत लावायची असेल तर दुसरी धरा. पहिली धरली तर मशीन ठेवणाऱ्याचा फायदा, तिसरी धरली तर पैसे घेणाऱ्याचा. भावाभावांत भांडण नेमकं इथं होतं, आणि प्रत्येकजण आपल्या सोयीच्या किमतीला 'बाजारभाव' म्हणत असतो.

"पण शंभर वर्षांचं असेल तर?"

तर कधीकधी किंमत उतरते. रंधा मशीनचं उदाहरण घ्या. पाती धरणारा रोलर आधी चौकोनी असायचा, नंतर गोल झाला. हातानं लाकूड सरकवायच्या रंध्याला गोलच रोलर हवा, असं ब्रिटनमध्ये १९२२च्या नियमांनी सक्तीचं केलं. चौकोनी रोलर आणि टेबल यांच्यात मोठी फट राहते, हात घसरला तर तो आत ओढला जातो. गोल रोलरवर इजा बोटाच्या टोकापर्यंत थांबण्याची शक्यता तरी असते. तुमच्या मशीनला चौकोनी रोलर असेल तर ते जुनं आहे हे खरं, पण ते चालवायचं नाही, आणि चालवण्यासाठी कुणाला विकायचंही नाही. कामगार ठेवणाऱ्या कारखान्याला मशीनचे धोक्याचे भाग झाकणं १९४८च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम २१नं बंधनकारक केलं, हे घेणाऱ्यालाही माहीत असतं.

शंभरी ओलांडलेली वस्तू परदेशी पाठवायची असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडं चौकशी करा. १९७२चा पुरावस्तू कायदा फक्त मूर्तींपुरता नाही.

"इंटरनेटवर तर असलंच मशीन दहा लाखाला दिसतंय"

ती मागितलेली किंमत, मिळालेली नव्हे. शिवाय ते मशीन इंग्लंड-अमेरिकेत उभं असतं. अमेरिकेतलं असेल तर त्याची मोटर ६० हर्ट्‌झची, आपल्या ५० हर्ट्‌झवर ती हळू फिरते आणि तापते. तिथला भाव इथं लावणं म्हणजे न्यूयॉर्कच्या घरभाड्यावरून राजारामपुरीतल्या खोलीचं भाडं ठरवणं.

"विकण्याआधी रंगवून घेऊ का?"

नको. नवा रंग म्हणजे काहीतरी झाकलंय, असंच जाणता गिऱ्हाईक समजतो. विशेषतः २०१९ किंवा २०२१च्या महापुरात पाणी शिरलेल्या भागातलं मशीन असेल तर लपवू नका, बेअरिंगमधला गाळ पहिल्या दिवशीच बोलतो. पैसे घालायचेच असतील तर चाकं तपासायला घाला. चाक मोकळं टांगून लाकडी हातोडीनं हलकेच वाजवायचं. चांगलं बीड घंटेसारखं वाजतं, तडा असेल तर फुटक्या माठासारखं. तडा गेलेलं चाक वेल्डिंग करून चालवणं हा खेळ नाही, फिरताना ते फुटू शकतं. तडा सापडला की दुसरी किंमत संपली, पहिलीवर या.

सोबतच्या वस्तू मात्र गोळा करा. मूळ पाने, कोन लावायची पट्टी, ब्लेडची जुनी गुंडाळी, बिलं. या वस्तू अडगळीत जातात आणि मागाहून मिळत नाहीत.

परवान्याचं काय?

ओंडके चिरायच्या आरा मशीनला, म्हणजे सॉ मिलला, वनखात्याचा परवाना लागतो. १९९६च्या गोदावर्मन खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर यात फार कडकपणा आला. मशीन विकलं म्हणून परवाना आपोआप त्याच्याबरोबर जात नाही. तुमचा बँडसॉ वखारीतला असेल तर आधी वन विभागात विचारा, मग गिऱ्हाइकाशी बोला.

आमचं काय झालं

शेवटी गिऱ्हाईक आलं ते गोकुळ शिरगावचं, पॅटर्न शॉपवालं. काकांनी इंग्लंडचं काढलंच. त्यानं ऐकून घेतलं, खांबावरच्या नावावरून एकदा अंगठा फिरवला आणि हसला. मग म्हणाला, "चालू करा की." बटण दाबलं, चाकांनी वेग घेतला. त्यानं खिशातून दहा रुपयांचं नाणं काढलं आणि टेबलावर कडेवर उभं केलं. आम्ही सगळे त्या नाण्याकडं बघत राहिलो. पाच-सात सेकंद उभं राहिलं, मग कलंडलं. त्यानं वरच्या चाकाच्या बेअरिंगवर तळहात ठेवला, कान जवळ नेला.

"हे एक बदलायला लागतंय," तो म्हणाला. "बाकी झकास आहे." आणि मग पैशांचं बोलला.